अडलेला काटा

माझे गुडघे दुखत. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, वजन उतरवा." मी चकलांब्यात रोज पहाटे चालू लागलो. चहातली साखर सोडली. वजन 82 किलोंवरून 77 वर आलं. मग काटा हलेना.

असं का झालं? गाडीतलं ओझं उतरलं, की बैलाला जोर कमी लागतो. तसं अंग हलकं झालं, की त्याला अन्नही कमी लागतं. काल बेताची होती ती भाकर आज जास्त होते.

म्हणून उपाशी राहू नका. त्यानं ताकद झडते. चतकोर भाकर कमी करा. भाजी वाढवा. थोडं अधिक चाला.

काटा अडला तरी सवय मोडू नका. एक किलो उतरला, की दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. मी आता देवळाच्या पायऱ्या चढतो.