रानडुकरांची शिकार आणि नियंत्रण (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत रानडुक्कर हा शेतपिकांची सर्वाधिक नासाडी करणाऱ्या वन्य प्राण्यांपैकी एक मानला जातो. भारतीय कायद्यानुसार त्याची शिकार करण्यास बंदी आहे. मात्र पिकांना किंवा मनुष्यजीवितास धोका निर्माण झाल्यास वन विभागाच्या लेखी परवानगीने, ठरावीक क्षेत्रात त्याला मारता येते. ही परवानगी, तिच्या अटी आणि तिला बगल देऊन होणारी बेकायदा शिकार हे या भागातील मानव-वन्यजीव संघर्षाचे महत्त्वाचे अंग आहे. त्यातही शेताभोवती जिवंत वीजतार सोडण्याचा प्रकार वाघांच्या आणि माणसांच्याही जिवावर बेतला आहे.

प्राणी आणि पिके

भारतात आढळणारे रानडुक्कर ही युरेशियातील रानडुकराची उपजाती असून मानेपासून पाठीवर गेलेल्या राठ केसांच्या आयाळीवरून ती ओळखू येते. माद्या व पिल्ले कळपाने राहतात, तर पूर्ण वाढ झालेले नर बहुधा एकटे हिंडतात. गर्भधारणेचा काळ सुमारे चार महिन्यांचा असून एका वेळी साधारणतः चार ते सहा पिल्ले होतात. त्यामुळे कळपातील काही जनावरे मारली गेली तरी अन्न व आसरा उपलब्ध असेल तर संख्या लवकर भरून निघते. या प्राण्याची दृष्टी बेताची, परंतु घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते.

झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धानपट्ट्यात जंगल आणि शेती यांच्यात स्पष्ट सीमा नाही. बांध्यांना लागूनच झुडपी जंगल, नाल्याकाठची झाडोरा असलेली जमीन आणि मामा तलावांचे गवताळ काठ असतात. कळप दिवसा तेथे दडून राहतात आणि अंधार पडल्यावर शेतात उतरतात. धान निसवल्यापासून कापणीपर्यंतचा काळ सर्वांत जोखमीचा. कापणीनंतर बांधीत वाळत घातलेल्या कडपा आणि रचलेली पुंजणेही सुरक्षित नसतात. रानडुक्कर खाते त्याहून अधिक तुडवते व उकरते, म्हणून एका रात्रीत झालेले नुकसान त्याच्या आहाराच्या मानाने फार मोठे दिसते. रात्री माळ्यावर बसून जागल करणे, डबे वाजविणे, फटाके फोडणे, बांधावर जुन्या साड्या बांधणे हे शेतकऱ्यांचे नेहमीचे उपाय आहेत. ज्या शिवारात वाघ व अस्वल फिरतात, तेथे जागल हे स्वतःच धोक्याचे काम ठरते.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेची व्याप्ती केवळ ठार मारण्यापुरती नाही. विष घालणे, फास किंवा सापळा लावणे, हाका करून जनावर उठविणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सर्व तीत मोडते. मूळ कायद्यात परवाना घेऊन शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. तेव्हापासून हौसेखातर शिकारीला देशात कायदेशीर जागा उरलेली नाही.

रानडुक्कर पूर्वी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर ते दुसऱ्या अनुसूचीत गेले. या अनुसूचीतील प्राणी मनुष्यजीवितास किंवा मालमत्तेस, म्हणजे उभ्या पिकासही, धोकादायक झाला असेल, तर कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीस परवानगी देऊ शकतो. व्यवहारात पीडित शेतकऱ्याचा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पुढे सरकतो. आदेशात नमूद केलेल्या क्षेत्राबाहेर मारलेले जनावर ही बेकायदा शिकारच ठरते.

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्य प्राण्याला मारणे वा जखमी करणे हा गुन्हा नाही. परंतु त्या वेळी ती व्यक्ती कायद्याचा भंग करणारे कृत्य करीत असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. फास लावण्यासाठी जंगलात गेलेल्या माणसावर डुक्कर चालून आले, तर तो बचावाचा आधार घेऊ शकत नाही.

परवानगीने मारलेले जनावरदेखील शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस घरी नेणे, वाटणे किंवा विकणे गुन्हा आहे. पंचनामा करून मृतदेहाची विल्हेवाट लावावी लागते. गावकऱ्यांना ही अट सर्वांत खटकते आणि परवानगीचा मार्ग अनाकर्षक होण्यामागे तिचा वाटा मोठा आहे.

आदिवासी समाजांत सामूहिक पारधीची परंपरा जुनी आहे. वनहक्क कायदा, २००६ ने वननिवासींचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले आणि त्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. मात्र वन्य प्राण्यांची शिकार करण्याचा किंवा त्यांना सापळ्यात पकडण्याचा पारंपरिक हक्क या कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळला आहे. बांबू व तेंदू ग्रामसभेच्या हाती आले, पारध आली नाही.

साधने

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे भरमार बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. भरमार बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून भरावी लागते. पहिला बार चुकला तर दुसरा भरायला वेळ लागतो आणि जखमी नर डुक्कर तेवढा अवधी देतोच असे नाही. गडचिरोलीत या बंदुकीला आणखी एक संदर्भ आहे. नक्षलवादी चळवळीत भरमार बंदुकांचा वापर झाल्याने, गावकऱ्यांनी जुन्या बंदुका स्वेच्छेने जमा कराव्यात यासाठी पोलीस प्रयत्न करीत आले आहेत. साहजिकच परवानगी असूनही बंदूक नाही, अशी स्थिती अनेक गावांत असते आणि ते काम परवानाधारक नेमबाजांकडे द्यावे लागते. नेमबाज सहसा बारा बोअरची बंदूक किंवा रायफल वापरतात.

वाघर, फास, खड्डा, कुत्र्यांच्या साहाय्याने पाठलाग आणि खाद्यात लपविलेला गावठी बॉम्ब ही बेकायदा शिकारीतील साधने आहेत. यांतील एकही साधन जनावर ओळखत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात वाघ-बिबटेही अडकतात, आणि गावठी बॉम्बने गुरांचे जबडे फुटतात.

नियंत्रित शिकारीची पद्धत

परवानगीने होणाऱ्या शिकारीत पहिले काम माग काढण्याचे असते. खुरांचे ठसे, उकरलेली जमीन, चिखलात लोळण्याच्या जागा आणि बांधावरील ठरलेल्या वाटा यांवरून कळपाचा मार्ग निश्चित केला जातो. नेमबाज वाऱ्याच्या खालच्या बाजूस बसतो, कारण माणसाचा वास लागला की कळप त्या रात्री फिरकत नाही. उंचावर बसणे दोन कारणांनी श्रेयस्कर ठरते: वास जमिनीलगत पसरत नाही आणि झाडलेली गोळी जमिनीत रुतते. सपाट बांधीत आडवी झाडलेली गोळी शेजारच्या शेतात जागल करणाऱ्या माणसाला लागू शकते. जनावर प्रकाशात पूर्ण दिसून ओळख पटल्याशिवाय, केवळ आवाजाच्या किंवा हालचालीच्या रोखाने बार काढू नये, हा नियम येथे अधिकच महत्त्वाचा आहे. धानात हलणारे जनावर अस्वल असू शकते, किंवा डुकराच्या मागावर आलेला वाघही. जखमी डुक्कर झुडपात शिरल्यास त्याचा पाठलाग अंधारात न करता उजाडल्यावर करतात.

जिवंत वीजतार

परवानगीची प्रक्रिया, बंदुकीचा अभाव आणि हंगामाची घाई यांतून काही शेतकरी विद्युतवाहिनीवर आकडा टाकून शेताभोवतीच्या उघड्या तारेत थेट प्रवाह सोडतात. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहत असल्याने स्नायू आखडतात, जनावर तारेपासून सुटू शकत नाही आणि ओल्या बांधीत मृत्यू जवळजवळ अटळ असतो. 'झटका मशीन' या नावाने विकल्या जाणाऱ्या सौर कुंपणाच्या यंत्रात व्होल्टता हजारोंच्या घरात असते, तरी प्रवाह अत्यल्प काळाच्या ठोक्यांनी, साधारण सेकंदाला एकदा सोडला जातो. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्राणी मागे हटतो. दोन्ही कुंपणे दुरून सारखीच दिसतात.

एप्रिल २०१७ मध्ये 'जय' या प्रसिद्ध वाघाचा बछडा समजला जाणारा, रेडिओ कॉलर लावलेला 'श्रीनिवास' हा वाघ चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात अशाच तारेला लागून मेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रह्मपुरी भागातून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण वर्धा जिल्ह्यात वीजप्रवाहाने दगावली. वाघ पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तारेला माणूस लागून मेल्यास शेतकऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

'उपद्रवी' घोषित करण्याचा वाद

कलम ६२ अन्वये केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला ठरावीक क्षेत्र व मुदतीपुरते उपद्रवी घोषित करू शकते. त्या काळात त्याला शिकारबंदीचे संरक्षण राहत नाही. २०१५-१६ मध्ये बिहार व उत्तराखंडमध्ये रानडुकरांबाबत अशा अधिसूचना निघाल्या. जून २०१६ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी वन्य प्राण्यांच्या हत्येस दिल्या जाणाऱ्या परवानग्यांवर जाहीर टीका करताना चंद्रपुरात ५३ रानडुकरे मारली गेल्याचा उल्लेख केला. राज्यांनी पीकहानीचे कारण देऊन मागणी केल्यावरच परवानगी दिली जाते, अशी बाजू पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी मांडली. केरळने २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार सोपविण्यात आले.

चंद्रपुरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेर, विशेषतः ब्रह्मपुरी वनविभागात, वाघांची संख्या मोठी असून रानडुक्कर हे त्यांचे एक प्रमुख भक्ष्य आहे. शेतालगतची डुकरे सरसकट कमी झाली, तर त्याच झुडपी जंगलात राहणाऱ्या वाघाला भक्ष्य म्हणून उरतात ती गावाची गुरे.