काळ्या पाण्यावरची सुट्टी

मे महिना सुरू झाला की आमच्या वणीत एका बेटाचे नाव घरोघर घेतले जाते. आकाशवाणीच्या बातम्यांत ‘मान्सून अंदमानात दाखल’ हे शब्द आले, की पारावरची मंडळी बोटे मोजू लागतात : अंदमान, मग केरळ, मग कोकण आणि मग आपण. अंदमान आम्हाला ठाऊक होते ते असे, पावसाचे पहिले स्टेशन म्हणून. दुसरी ओळख शाळेच्या पुस्तकातली, काळ्या पाण्याची. तिथे कोणी मौजेखातर जातो, ही गोष्ट आमच्या गावाला पटायला बराच काळ जावा लागला.

आता पटली आहे. नाशिकच्या सहल कंपन्यांच्या फलकांवर निळे पाणी, पांढरी वाळू आणि काचेच्या तळाची होडी झळकते. पुतण्याने असाच एक फलक पाहिला आणि सगळ्यांची तिकिटे काढून टाकली. द्राक्षाची काढणी झाली की खरड छाटणीपूर्वी वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती द्यावी लागते. वेलीला देतो ती विश्रांती आम्ही स्वतःला कधी दिलीच नव्हती. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, तयार झाले ते दोन अटींवर. रामनवमीला गडावरची चैत्रातली यात्रा सुरू होण्याआधी घरी पोचायचे आणि तिथे उतरल्यावर सर्वांत आधी तुरुंग पाहायचा. “मग तुम्ही कुठं डुंबायचं तिथं डुंबा,” असे ते म्हणाले.

चेन्नईहून विमान समुद्रावर आले आणि दोनेक तासांनी खाली हिरव्या बेटांची रांग दिसू लागली. ज्या गावात आपण उतरतो त्याला पिढ्यान्‌पिढ्या पोर्ट ब्लेअर म्हटले गेले. 2024 साली त्याचे श्री विजयपुरम झाले. घड्याळ आपलेच, पण सूर्य इथे फार पूर्वेला. पहाटे पाचलाच लख्ख उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला दिवस मावळतो. येथे येणाऱ्याने आपला दिनक्रम तेवढा अलीकडे ओढून घ्यावा.

दादांची अट म्हणून आम्ही सेल्युलर जेलने सुरुवात केली आणि आज वाटते, प्रत्येकाने तशीच करावी. 1896 ते 1906 या काळात हा तुरुंग बांधला गेला. मधला मनोरा आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात तीनमजली इमारती. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसायलाच नको. सातपैकी तीन इमारती आज उभ्या आहेत. कोठडी साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. उंचावर एक झरोका. कडीचे टोक बाहेरच्या भिंतीतल्या खोबणीत इतके दूर नेलेले, की आतून हात पोचूच नये. कैद्याला कोलूला जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढण्याची सक्ती होती. बैलाच्या जागी माणूस, एवढाच फरक.

नाशिककर माणूस या जिन्यावर परका नसतो. आमच्याच जिल्ह्यातल्या भगूरचे दोघे भाऊ इथे होते. बाबाराव सावरकर आधी आले. धाकटे विनायकराव 4 जुलै 1911 रोजी. सातव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरची शेवटची कोठडी त्यांची. एकाच तुरुंगात असूनही दोघांची गाठ पडायला बराच काळ लागला. दोघांना 1921 साली मुख्य भूमीवर आणले गेले. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी कोणाचे काही मत असो, त्या कोठडीत उभे राहिल्यावर बोलणे आपोआप थांबते. मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर बंगाली, पंजाबी, मराठी अशी कैद्यांची नावे आहेत. दादांनी चपला बाहेर काढल्या होत्या. कोठडीत शिरून ते मला म्हणाले, “दार लाव.” मी लावले. मिनिटभराने उघडले, तेव्हा ते झरोक्याकडे पाहत उभे होते. “समुद्र ऐकू येतो, दिसत नाही,” एवढेच ते बोलले.

तुरुंगाच्या गच्चीवरून मात्र समुद्र दिसतो आणि समोरच रॉस बेटही. 2018 सालापासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. होडीने तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. साहेबांची राजधानी या बेटावर होती : चर्च, बेकरी, मुख्य आयुक्तांचा बंगला, नाचाचा दिवाणखाना. विटा वाहिल्या त्या कैद्यांनी. 1941चा भूकंप आणि पाठोपाठ 1942ची जपानी स्वारी, यांनंतर बेट ओस पडले. आज भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी गच्च आवळून धरले आहे आणि चितळे निर्धास्त फिरतात. तुरुंग आणि रॉस एका दिवसात, याच क्रमाने पाहावेत. अलीकडे कोलू आणि पलीकडे नाच, मध्ये थोडेसे पाणी. कोणत्याही मार्गदर्शकाची गरज उरत नाही.

नातवाला मात्र वेगळेच काही सापडले. समोरच्या माउंट हॅरिएटवरून, म्हणजे आताच्या माउंट मणिपूरवरून, नॉर्थ बेचा दीपस्तंभ आणि नारळीची रांग दिसते. जुन्या वीस रुपयांच्या नोटेमागचे चित्र ते हेच. माझ्या पाकिटात एक जुनी नोट निघाली आणि चित्र तंतोतंत जुळले. नव्या नोटेवर आपले वेरूळ आहे, हे सांगितल्यावर तर तो फारच खूश झाला. याच डोंगराच्या पायथ्याशी 8 फेब्रुवारी 1872 रोजी शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकले आणि व्हायपर बेटावर तो फासावर गेला. ते बेटही होडीने पाहता येते.

तिसऱ्या दिवशीच्या बेतावरून घरात वाद झाला. सहलीच्या कागदावर बाराटांग होते : चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी. रस्ता जातो जारवांच्या राखीव जंगलातून. “जारवा दिसतील का?” नातवाने विचारले आणि बहुतेक गाड्यांत हाच प्रश्न असतो, हे आमच्या चालकाच्या हसण्यावरून कळले. 2011च्या जनगणनेत जारवा 380 होते. 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते आपल्यापासून दूरच राहिले; जवळ आले आणि 1999 साली त्यांच्यात गोवराची साथ पसरली. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हा रस्ता जंगलातून जाणाऱ्या भागात बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. थांबायला, फोटो काढायला, खाऊ द्यायला कायद्याने बंदी आहे. पण डोळ्यांवर बंदी कशी घालणार? ग्रेट अंदमानी लोक इंग्रज आले तेव्हा काही हजार होते, 2011 साली 44 मोजले गेले.

मी हे सगळे सांगत होतो, तेव्हा दादा मध्येच बोलले. “आपल्या बागेत सुरगाण्याच्या बाया कामाला येतात. मागं पाहुण्यांनी न विचारता त्यांचे फोटो काढले, तर त्यांनी तोंडावर पदर ओढला. इथं गाड्यांच्या रांगेपुढं या लोकांनी काय ओढायचं?” कोणी काही बोलले नाही. पुतण्याने बाराटांग रद्द केले. पैसे बुडाले, गुहा राहिल्या त्या राहिल्या.

तो दिवस आम्ही स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, दिला. राधानगरची चौपाटी टाइम साप्ताहिकाने 2004 साली आशियातली सर्वोत्तम ठरवली होती. मागे उंच झाडांचे रान, पुढे लांबच लांब पांढरी वाळू. एलिफंट बीचवर डोक्याला काचेचा मुखवटा लावून मुलांनी प्रवाळ पाहिले. प्रवाळ हा जिवंत प्राणी असतो, त्यावर पाय द्यायचा नाही आणि तुकडाही उचलायचा नाही. शेजारच्या शहीद द्वीपावर, पूर्वीच्या नीलवर, ओहोटीच्या वेळी जावे. लाटांनी कोरलेली खडकाची कमान तेव्हाच नीट पाहता येते. जाण्याचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. मेच्या उत्तरार्धात तिथे आमचा पाऊस येऊन थांबलेला असतो.

शेवटच्या संध्याकाळी राधानगरला दादा धोतराचा सोगा वर धरून घोटाभर पाण्यात उभे राहिले. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचा तो पहिला समुद्र. “परतीचं तिकीट खिशात आहे म्हणून हे गोड लागतंय रे,” ते म्हणाले.

रामनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही वणीत होतो. मे महिन्यात बातम्यांत पुन्हा ते नाव आले, तेव्हा पारावर सगळे बोटे मोजू लागले. दादांनी या खेपेला बोटे मोजली नाहीत. ते ऐकत बसले होते.