नायट्रोजनाचा जमाखर्च : आहारात आणि उपवासात

कारंजाहून मानोऱ्यामार्गे पोहरादेवीकडे निघाले की पौष महिन्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेंगांनी लगडलेली तूर दिसते. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे आणि चैत्रात रामनवमीच्या यात्रेला दूरदूरचे तांडे येथे लोटतात. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्या लमाणांचे हे वंशज. तेव्हा धान्याच्या व्यापारात हयात घालवणाऱ्या आपल्या घराण्यांना ते एका अर्थी धंदेबंधूच म्हणायचे.

या भागातील बाजारपेठेत एका दुकानात तुरीची पोती, तर शेजारच्या दुकानात युरियाच्या गोण्या रचलेल्या असतात. दोन्हींच्या मुळाशी एकच द्रव्य आहे, नायट्रोजन. तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन धरून ठेवतात आणि तोच पुढे डाळीच्या प्रथिनात उतरतो. युरियाच्या गोणीत तो ४६ टक्के असतो. आणि ती डाळ खाणाऱ्या माणसाच्या मूत्रातून जे द्रव्य बाहेर पडते, तेही युरियाच! कारखान्यातला युरिया आणि शरीरातला युरिया यांच्या रेणूंत तिळमात्र फरक नाही. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सजीवाच्या साहाय्यावाचून युरिया तयार करून दाखविला, तेव्हा विद्वानांना आश्चर्याचा मोठा धक्का बसला होता.

शरीर हा युरिया का तयार करते, हे आपल्यासारख्या उपवास करणाऱ्या समाजाने तरी समजून घ्यावे असे मला वाटते. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिन असते, म्हणजे साडेतीन ग्रॅम नायट्रोजन. पचनानंतर प्रथिनाची अमिनो आम्ले होतात आणि त्यांतून शरीर आपले स्नायू, रक्तद्रव्ये, पाचकरस घडविते. (डाळीत लायसिन भरपूर व मेथिओनिन कमी, ज्वारीत नेमके उलटे, म्हणून वरण आणि भाकरी एकमेकांची उणीव भरून काढतात.) गरजेहून अधिक आलेल्या अमिनो आम्लांसाठी मात्र शरीरात वखार नाही. चरबीला मोठे कोठार आहे, साखरेला यकृतात आणि स्नायूंत लहानशी कोठी आहे. प्रथिनाला काहीच नाही. शरीरातले सारे प्रथिन कोणत्या ना कोणत्या कामाला जुंपलेले असते. ते सगळे मुद्दल आहे, शिल्लक अशी नाहीच.

म्हणून जादा अमिनो आम्लांचे शरीर दोन भाग करते. कार्बनाचा सांगाडा इंधन म्हणून जळतो. उरलेल्या नायट्रोजनाचा अमोनिया होतो आणि अमोनिया हे मेंदूला विष आहे. मासे तो सरळ पाण्यात सोडून देतात. आपल्याला ती सोय नाही. यकृत त्याचे निरुपद्रवी युरियात रूपांतर करते. हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे उलगडले. पुढे रक्तातून युरिया मूत्रपिंडाकडे जातो आणि तेथून पाण्याबरोबर बाहेर पडतो. पाण्याबरोबर, हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. नेहमीचा आहार घेणाऱ्या माणसाच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये वाहून नेण्यास दिवसाला निदान अर्धा लिटर मूत्र लागते.

मग ज्या दिवशी डाळ-भाकरी पोटात जातच नाही, त्या दिवशी जमेची बाजू कोरी राहते. पण खर्चाची बाजू थांबते का?

थांबत नाही. १९१२ साली बोस्टनमधील कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्या देखरेखीखाली लेव्हान्झिन नावाच्या माल्टाच्या गृहस्थाने ३१ दिवस केवळ पाण्यावर उपवास केला. रोजच्या मूत्राचे मोजमाप झाले. चौथ्या दिवशी सुमारे १२ ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडला, अखेरच्या दिवशी सुमारे ७ ग्रॅम. बारा ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ७५ ग्रॅम प्रथिन, आणि हे सारे त्याच्याच अंगचे! पहिल्या दिवसांत मेंदूला साखर हवी असते, साखरेची कोठी एका दिवसात संपत येते आणि शरीर स्नायूंतील अमिनो आम्ले मोडून साखर बनविते. पुढे चरबीपासून झालेल्या कीटोन द्रव्यांवर मेंदू भागवू लागतो. हे १९६७ साली जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. त्यामुळे प्रथिनाची झीज ओसरते. म्हणून मासक्षमणाच्या तुलनेत अठाई अगदी सोपी, हा समज सर्वस्वी बरोबर नाही. स्नायूंची रोजची झीज पहिल्या आठवड्यातच अधिक असते.

महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध उपवासही याच नायट्रोजनापाशी येऊन अडला होता. १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास आरंभिला. वय ७३. हा उपवास आमरण नसून शक्तीनुसार आहे आणि पाणी पिववावे म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घेईन, हे त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना आधीच कळविले होते. तरी आरंभी ते रसाविनाच पाणी घेत राहिले. पाणी नकोसे झाले, मळमळ वाढली. उपस्थित डॉक्टरांत बिधानचंद्र रॉय, गिल्डर आणि सुशीला नय्यर होत्या. रक्तात युरिया साठण्याची, म्हणजे युरेमियाची भीती निर्माण झाली. २१ फेब्रुवारीला नाडी हाताला लागेना. तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस घातला गेला, पाणी पोटात ठरू लागले आणि प्रकृती सावरली. ३ मार्चला उपवास सुटला. थोड्या रसातल्या साखरेनेही झीज काही अंशी थांबते हे खरे. परंतु माझ्या मते खरे काम केले ते पोटात ठरलेल्या पाण्याने.

आमच्या नात्यातील एका वयस्कर बाईंची अठाई या संदर्भात मला नेहमी आठवते. पाचव्या दिवशी त्या म्हणू लागल्या, उकळलेल्या पाण्याने मळमळते, नको. दिवसभरात दोन-चार घोटांपलीकडे पाणी गेले नाही. लघवी एकदाच, तीही गडद. घरात कोणालाच त्याचे गांभीर्य वाटले नाही. उलट पाणीही सोडले म्हणून बायका कौतुक करीत होत्या. सहाव्या दिवशी त्या बोलता बोलता भ्रमिष्टासारख्या झाल्या. रक्ततपासणीत युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले निघाले. सलाइन लावून त्या बऱ्या झाल्या, पण व्रत अपुरे राहिल्याची खंत त्यांना अखेरपर्यंत होती. त्यांना आधीपासून मधुमेह होता आणि मूत्रपिंडांची तपासणी कधी झालीच नव्हती, हे आम्हाला त्या वेळी कळले.

तिविहार उपवासात सूर्यास्तापूर्वी पाण्याची मुभा आहे. संध्याकाळी घाईघाईने दोन तांबे रिचविण्यापेक्षा सकाळपासून थोडे थोडे घ्यावे. चौविहारात तीही मुभा नाही, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात घामावाटे जाणारे पाणी वेगळेच. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी, यांपैकी काहीही चालू असेल तर पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिन तपासून घ्यावे. गाऊट असणाऱ्यांनीही जपावे; लांब उपवासात कीटोन द्रव्यांमुळे युरिक अ‍ॅसिड मूत्रावाटे नीट बाहेर पडत नाही आणि सांधा अचानक सुजतो. (युरिक अ‍ॅसिड आणि युरिया यांची अनेकांच्या मनात गल्लत असते, ती दोन निराळी द्रव्ये आहेत.)

सोळा कारणभावनांत तपाच्या आधी ‘शक्तितः’ हा शब्द आचार्यांनी घातलेला आहे. शक्ती लपवू नये हा त्याचा एक अर्थ आपल्याकडे आवर्जून सांगितला जातो. शक्तीबाहेर जाऊ नये, हा दुसरा अर्थ मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगत नाही.

पारण्याला मुगाचे पाणी देण्याची आपली जुनी रीत योग्य आहे. लांब उपवासानंतर पहिल्याच दिवशी शिरा-पुरीचे ताट वाढले तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरू शकते आणि त्याचा ताण हृदयावर येतो. मुगाचे पाणी, मग पातळ मूग, दोन दिवसांनी वरण-भात, आणि त्यानंतर भाकरी. त्या काही दिवसांत जमेची बाजू खर्चाहून मोठी होते आणि गेलेले मुद्दल हळूहळू परत येऊ लागते.