अहो, पण हे चित्र कशाचे?

धारेस रघुनाथ कृष्ण फडके यांच्या शिल्पांपुढे कोणाला काही समजावून द्यावे लागत नाही. चेहरा ओळखू येतो, वस्त्राची घडीही जिथल्या तिथे असते. वसईला जन्मून धारचे झालेल्या या शिल्पकारांना १९६१ साली पद्मश्री मिळाली. त्यांचा अभिमान आपल्या जुन्या घरांतून आजही आहे, आणि तो रास्तच आहे. परंतु नवचित्रकलेचा विषय निघाला की हीच मंडळी विचारतात, "अहो, पण हे चित्र कशाचे?"

मी चित्रकार नव्हे. दरबारी गवयाचा मुलगा, गाणे शिकवितो. म्हणून गाण्यातलेच विचारतो: यमनाचा आलाप कशाचा असतो? त्यात ना शब्द, ना कथा. तराण्याचा अर्थ आपण कधी विचारला आहे काय? तरी मान डोलतेच.

वासुदेव गायतोंडे यांची चित्रे अशीच पाहावीत. १९२४ साली नागपुरास जन्म, १९४८ साली जे. जे. स्कूलची पदविका. प्रारंभी ते माणसे, आकार काढीत. पुढे ते सारे गळाले. रंगाचा थर द्यावयाचा, रूळ फिरवावयाचा, पात्याने खरवडावयाचे, पुन्हा थर. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. त्यांच्या चित्रात आधी जमिनीचा रंग डोळ्यांत भरू द्यावा, जसा तंबोऱ्याचा षड्ज कानांत भरतो. मग आतले आकार हळूहळू वर येतात.

त्याच १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. १९४८ साली क्षयाने आजारी होऊन ते देवासला आले. गाणे बंद होते, कान मात्र उघडे होते. माळव्याच्या बायकांच्या गीतांतून त्यांनी नवे राग काढले. १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला. घराण्याची चौकट मोडली म्हणून त्यांच्यावरही टीका झाली. आज देवासचे नाव निघाले की आपण आधी कुमारांचेच नाव घेतो!

नवे तेवढे सारे चांगले, असे मी म्हणत नाही. बेसूर तो बेसूरच. कसोटीही गाण्याचीच लावावी: चित्रातला एक रंग मनाने काढून पाहावा. काही उणे वाटले नाही, तर चित्र कच्चे. यमनातून तीव्र मध्यम गेल्यासारखे झाले, तर चित्रकाराला स्वर सापडला आहे.

हे लिहिण्याचे कारण असे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने रंगांचे नुसते थर दिलेले काही कागद मला दाखविले. "हा काय चाळा?" म्हणून घरी तिचे रंग कपाटात बंद झाले आहेत. तिच्या वडिलांना माझी विनंती एवढीच, की निकाल देण्यापूर्वी विलंबित ख्यालाच्या दोन आवर्तनांइतका वेळ तरी त्या कागदांपुढे स्वस्थ बसावे. गाण्याच्या बैठकीत ते नेहमीच तेवढे बसतात.