बॉल अजगरातील रंगभेद

बॉल अजगर (शास्त्रीय नाव: पायथन रेजियस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेत आढळणारा बिनविषारी साप आहे. त्याचा मूळ रंग गडद तपकिरी असून अंगावर फिकट ठिपके असतात. बंदिवासात पैदास केलेल्या अजगरांत मात्र पिवळे, पांढरे, कबरे असे अनेक रंगभेद आढळतात. त्यांना ‘मॉर्फ’ म्हणतात.

उगम

हे रंगभेद जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे उद्भवतात. निसर्गातही ती क्वचित घडतात. आफ्रिकेतून आणलेल्या अशा मोजक्या सापांपासून पैदासकारांनी पुढील वंश वाढवले. १९९२ साली अमेरिकेत वर्णहीन (अल्बिनो) अजगराची पैदास प्रथम यशस्वी झाली.

वर्णहीन अजगरात टायरोसिनेज हे विकर कार्य करीत नाही. त्यामुळे काळे रंगद्रव्य (मेलॅनिन) तयार होत नाही, पिवळे मात्र टिकते. हा गुण अप्रभावी असल्याने तो दिसण्यासाठी आई व वडील दोघांकडून सदोष जनुक मिळावे लागते. दोन्ही पालक केवळ वाहक असल्यास प्रत्येक पिल्लू वर्णहीन असण्याची शक्यता २५ टक्के असते.

दुष्परिणाम

‘स्पायडर’ हा रंगभेद जनुकाच्या एकाच प्रतीमुळे दिसतो. त्याच्याशी आंतरकर्णाची सदोष रचना निगडित असते. अशा सापाचे डोके डोलते व तोल जातो. रंग राखून हा दोष वगळणे पैदासकारांना साधलेले नाही. त्यामुळे केवळ सौंदर्यासाठी अशी पैदास करावी काय, हा प्राणिकल्याणाचा वादविषय ठरला आहे.