हौद्यातलं मीठ

मुंबई-रत्नागिरीकडची गाडी गंजलेली पाहून कुणी चकित होत नाही. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, एवढं कारण पुरतं. नांदगाव मात्र नाशिक जिल्ह्यातला, पर्जन्यछायेतला तालुका. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं इथे आहेत आणि समुद्र सह्याद्रीपलीकडे. तरीही इथल्या एखाद्या जुन्या पिकअपच्या हौद्याखाली वाकून पाहिलं, तर कोकणातल्या गाडीला लाजवील असा गंज दिसतो. टप आणि बॉनेट बऱ्यापैकी शाबूत, हौद्याच्या तळाला मात्र बोट जाईल एवढी भोकं. पाऊस कमी आणि गंज जास्त, हा उलटा हिशेब मला फार छळत होता. घरच्या घरी जुनी गाडी उभी करणाऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन बसलो, पत्रे उचकटताना पाहिले, तेव्हा उत्तर हौद्यातच सापडलं. आपल्याकडे मीठ वाऱ्यावरून येत नाही, गोणीतून येतं.

कांद्याच्या पट्ट्यातली पिकअप जाताना माल नेते आणि येताना खत आणते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, रसायनशास्त्राच्या हिशेबात खाण्याच्या मिठाचं सख्खं भावंड. १०:२६:२६ सारख्या मिश्र खतातलं पालाशही बहुतेक याच क्षारातून आलेलं असतं. कांद्याला गंधक लागतं म्हणून अमोनियम सल्फेट येतं, शिवाय युरिया आणि डीएपी आहेतच. एखादी गोणी उसवते, मूठभर खत हौद्याच्या पन्हळीत सांडतं. झाडू मारला तरी शिवणीत शिरलेलं तिथेच राहतं. स्वच्छ लोखंड साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत फारसं गंजत नाही, असं डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं. क्षार बसलेल्या पत्र्याला एवढी सवलत मिळत नाही. क्षार हवेतला ओलावा ओढून धरतात, आणि हिवाळ्यातल्या पहाटेचं दव त्यांना पुरेसं होतं. पाऊस पडलाच पाहिजे असं काही नाही. बाजाराला जनावरं नेणाऱ्या गाडीत मूत्राची भर पडते, तीही क्षारयुक्तच.

यातला क्लोराइड फार चिवट. गंज घडवताना तो स्वतः खर्ची पडत नाही. लोखंडाला सोडवतो आणि पुन्हा खड्ड्याच्या तळाशी पुढच्या कामाला मोकळा होतो. म्हणून वरून घासून चकचकीत केलेला पत्रा रंगाखाली पुन्हा फुगतो आणि मालकाला वाटतं, रंग हलका होता.

सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरी नद्यांचं पाणी नांदगाव शहरात शिरलं, तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. बुडालेल्या गाड्या लोकांनी धुतल्या, इंजिनं उघडून वाळवली. पण दारांच्या पोटात, पायदानाच्या पेटीत, चासीच्या बंद भागात बसलेला गाळ बहुतेकांच्या नजरेतून सुटला. बारीक गाळ ओलावा धरून बसतो आणि पाणी निघायची भोकं बुजवतो. ज्या गाडीला बाहेरून ओरखडाही नव्हता, तिची दारं पुढे खालच्या कडेने सुटायला लागतात ती अशी.

नाशिक जिल्ह्याचं या गाड्यांशी नातं जुनं आहे. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. त्याआधीच, १९४७ मध्ये, विलिस जीप सुट्या भागांच्या रूपात अमेरिकेहून यायला सुरुवात झाली होती. पहिली खेप ७५ जीपची. नाशिकला सातपूरचा कारखाना आला १९८१ मध्ये. जीपचाच सांगाडा थोडा लांबवून, मागे हौदा बसवून केलेल्या पिकअप गावोगाव पोचल्या. कुणी कंपनीतून घेतल्या, कुणी साधी जीप कापून मिस्तरीकडून हौदा बांधून घेतला. या गाड्यांचा पत्रा सपाट, जाड आणि जवळजवळ सगळा नट-बोल्टने सुटणारा. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, आजच्या मोटारीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून जुनी जीप-पिकअप घरी दुरुस्त करता येते. जाड पत्र्याला वेल्डिंगची आच सोसते आणि सपाट तुकडा वाकवायला मोठं यंत्र लागत नाही.

‘जुनं लोखंडच चांगलं होतं’ असं मात्र म्हणू नये. त्यासाठी हमखास दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला दिला जातो. सुमारे १६०० वर्षं उभ्या असलेल्या त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे त्याच्यावर संरक्षक थर तयार झाला, अशी उकल आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी केली. जीपचा पत्रा म्हणजे साधं कमी कार्बनचं पोलाद. त्याची जाडी त्याला वेळ मिळवून देते, एवढंच.

आता प्रत्यक्ष काम. गंज पाहायचा तर आधी ऐकावा लागतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दाराच्या वरच्या भागावर ठोकलं की खणखणीत आवाज येतो. तसंच ठोकत खाली यावं. कडेपासून चार बोटं वर आवाज एकदम बद्द होतो. तिथे रंग नुसता बारीक पुरळासारखा उठलेला दिसतो, पण टोकाने जरा दाबलं की टोक आरपार जातं आणि आतून तांबडी भुकटी पायावर सांडते. नांदगावजवळच्या एका मळ्यात मी हे पाहत होतो, तेव्हा खपली निघाल्यावर खाली पत्रा नव्हताच. आधीच्या कुणीतरी भरलेली लांबी होती, नखाच्या जाडीची, आणि तिच्यामागे पोकळी. शेजारी उभा असलेला डेंटर मालकाला म्हणाला, “दादा, परत लांबी मारून देतो. पासिंग निघून जाईल.” मालकाने मान हलवली. “नको मिस्तरी. अण्णांची गाडी आहे. कापा तुम्ही.”

माझ्या मते दुरुस्तीतला सगळ्यात मोठा निर्णय तोच. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढू शकतं. स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेल्या दोन पत्र्यांमध्ये तो साचला की फुगून दोघांना दूर सारतो. तिथे वरून काहीही लावलं तरी आतलं काम चालूच राहतं. शिवण उघडावीच लागते. ठिपक्यांवर ८ मिलिमीटरचं ड्रिल फक्त वरच्या पत्र्यापुरतं चालवायचं, पातळ छिन्नीने पत्रा उचलायचा आणि नवा पत्रा बसवताना त्याच भोकांतून वेल्डिंग भरायचं.

पण कापण्याआधी धुणं आलं, आणि याच पायरीला सगळे कंटाळतात. हौदा उलटा करून किंवा गाडी उतारावर लावून, शिवणींमधून पाणी वाहून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. गरम पाणी असेल तर उत्तम. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचं धुणं जारच्या पाण्याने करावं. नाहीतर मीठ काढायला मीठच वापरल्यासारखं होतं. पत्रा उन्हात पूर्ण वाळू द्यावा. घासलेल्या जागेवर दुसऱ्या सकाळी तांबूस घामाचे ठिपके दिसले तर क्षार अजून आत आहेत असं समजावं आणि परत धुवावं.

कापताना गंजाच्या कडेला थांबू नये. खणखणीत आवाज देणाऱ्या पत्र्यापर्यंत जावं. तुकडा पुठ्ठ्यावर आखून घ्यावा, कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर पुढे पळते. गावात बहुतेकांकडे साधं आर्क वेल्डिंग असतं. ते चासीच्या जाड भागाला ठीक, २० गेजच्या पत्र्याला भोक पाडतं. ‘सीओटू’ वेल्डिंगचं यंत्र भाड्याने आणलेलं परवडतं. एक टाका इकडे, दुसरा हातभर लांब तिकडे, मध्ये पत्रा हाताला सोसेल इतका गार होऊ द्यायचा. घाईने सलग रेघ ओढली की सपाट पत्रा लाटांनी भरतो, आणि त्या लाटा झाकायला परत लांबीच लागते. बॅटरीची तार काढून ठेवावी, डिझेलची टाकी जवळ असेल तर उतरवावी, ओलं पोतं हाताशी असावं.

जिथे पत्रा गेलेला नाही, नुसता खड्ड्याखड्ड्यांचा झाला आहे, तिथे रसायन लावता येतं. बाजारातल्या बहुतेक गंजनाशकांत फॉस्फरिक आम्ल असतं. ते गंजाचं लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. सुट्या भागांसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून चालतं. जगभरचे जुन्या गाड्यांचे शौकीन उसाच्या मळीच्या पातळ पाण्यात भाग आठवडे-आठवडे बुडवून ठेवतात आणि लोखंड न खाता गंज सुटतो. आपल्याकडे साखर कारखाने असले तरी मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. तेव्हा लिंबूसत्त्वच बरं. आणखी एक उपाय म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि १२ व्होल्टचा चार्जर: गंजका भाग ऋण टोकाला, धन टोकाला भंगारातला साधा पत्रा. स्टेनलेस स्टील तिथे कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. या कामात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून टब उघड्यावर ठेवावा. कमानपाटे मात्र आम्लातही घालू नयेत आणि या टबातही नाही. कठीण पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं.

नांदगावच्या घराघरांवर जे पन्हळी पत्रे आहेत, त्यांच्यातच पुढची पायरी दिसते. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला जस्त किंवा लोखंड जोडलं तर तांबं वाचतं हे दाखवलं. १८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने लोखंडावर जस्ताचा लेप देण्याचं पेटंट घेतलं. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजतं आणि लोखंड राखतं, म्हणून छपराचा पत्रा वर्षानुवर्षं ऊन-पाऊस सोसतो. मोटारींच्या बाबतीत हे शहाणपण फार उशिरा आलं. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्यावर संपूर्ण जस्तलेपित सांगाडे आणले, ऑडीची ८० ही गाडी १९८६ मध्ये तशी झाली. आपल्या जुन्या पिकअपला ते भाग्य लाभलं नाही. आज निदान दुरुस्तीच्या वेळी ते देता येतं. दोन पत्रे एकमेकांवर बसणार तिथे आधी जस्तयुक्त प्रायमर लावावा, मगच वेल्डिंग. जस्ताचा धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो; वाऱ्याच्या दिशेला पाठ करून काम करावं.

रेड ऑक्साइडवर आपला अवास्तव विश्वास आहे, हे मला ठामपणे सांगायचं आहे. तांबडा रंग म्हणजे गंजाला औषध, अशी समजूत गेटा-खिडक्यांमुळे रूढ झाली. साध्या रेड ऑक्साइडमधलं रंगद्रव्य हेच मुळी लोहाचं ऑक्साइड. ते गंज रोखत नाही आणि थर ओलाव्याला वाट देतो. पूर्वीचा लाल रंग शिशाच्या संयुगाचा असे, तो खरोखर गंज अडवायचा, पण विषारी होता. हौद्यासाठी दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमरच हवा. लांबीही त्याच्यावरच भरावी, उघड्या पत्र्यावर भरू नये, आणि बारीक खळगे सपाट करण्यापुरतीच. लांबीत शंखजिऱ्याची पूड असते आणि ती पाणी शोषते.

जुना रंग खरवडताना कोरडा पॉलिश पेपर वापरू नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. वाहनांचे रंग त्यात येत नाहीत, आणि जुन्या गाडीवरचा रंग तर त्याहून कितीतरी आधीचा. वॉटर पेपर घ्यावा, अंगणात खेळणारी मुलं लांब ठेवावीत. शेवटचा हार्डनरवाला रंग घरी मारू नये, असं माझं मत. त्यातल्या आयसोसायनेटपुढे नाकावरचा रुमाल कुचकामी आहे. पत्र्याचं सगळं काम घरी करावं आणि रंगासाठी गाडी व्यवस्थित बूथ असलेल्या गॅरेजला न्यावी. त्याला दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले, मात्र दव पूर्ण सुकल्यावर, दुपारी.

रंगाच्या छटेबाबतही सावध असावं. आरसी बुकात रंगाची नोंद असते. बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते. केंद्राने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी मात्र त्यातून वगळली जाते, आणि या नोंदणीवर व्यापारी वाहतूक करता येत नाही. म्हणजे अशी गाडी मळ्यातला माल भाड्याने वाहू शकत नाही. ज्याला गाडी कामाला ठेवायची आहे, त्याने नेहमीच्या पासिंगच्याच वाटेने जावं.

काम संपल्यावर शिवणींना सीलंट, बंद पोकळ्यांत मेणयुक्त तेलाचा फवारा, आणि दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी. वापरलेलं इंजिन ऑइल आत ओतायची पद्धत गावात आहे. ती सोडावी, ते जमिनीत झिरपतं आणि धूळ धरून ठेवतं. हौद्याच्या तळाला रबरी चटई अंथरू नये, तिच्याखाली ओल राहते. लाकडी फळ्यांची सुटी जाळी बरी, खालून वारा फिरतो आणि ती उचलून तळ धुता येतो. पोटॅशची खेप आणायची असेल त्या दिवशी खाली ताडपत्री टाकावी, आणि गोण्या उतरल्या की संध्याकाळ व्हायच्या आत हौदा फाळका उघडून धुवावा.