फारसी क्रियापदाची अडीच हजार वर्षे

फारसीच्या व्याकरणात क्रियापदांचे अर्थ, प्रत्यय आणि धातुसाधिते यांची प्रकरणे वेगवेगळी मांडली जात असली, तरी ऐतिहासिक दृष्टीने पाहता ती एकमेकांत गुंतलेली आहेत. कारण एका प्रकारची रूपे झिजत गेली, तसतसे त्यांचे कार्य दुसऱ्या प्रकाराकडे सरकत गेले. दारयवौश पहिला याने इ.स.पू. ५२० च्या सुमारास बेहिस्तून येथील कड्यावर लेख कोरविले, त्या काळच्या प्राचीन फारसीत स्वार्थ व आज्ञार्थ यांबरोबरच संभाव्यता दर्शविणारा संभावनार्थ आणि इच्छा व्यक्त करणारा इच्छार्थ यांचीही रूपे होती. ‘मी केले’ या अर्थी वैदिक ‘अकृणवम्’शी जुळणारे ‘अकुनवम्’ हे रूप तेथे आढळते. पण त्याच्याच जोडीला ‘मना कर्तम्’, म्हणजे ‘माझे केलेले’, ही भूतकालवाचक धातुसाधितावर उभी असलेली रचनाही दिसते.

सासानी राजवटीतील (इ.स. २२४ ते ६५१) मध्य फारसीत जुनी भूतकाळी रूपे जवळजवळ लोपली आणि भूतकाळ या धातुसाधितावरच विसंबला. अकर्मक क्रियापदात ‘आमद हेम’ (मी आलेला आहे) असे साहाय्यक क्रियापद कर्त्यानुसार येई, तर सकर्मक क्रियापदात ते कर्माला अनुसरे. मराठीतील ‘मी आलो’ आणि ‘मी काम केले’ यांतला भेद याच जातीचा आहे. मराठीने हा भेद टिकविला. नव्या फारसीने मात्र साहाय्यकाचे झिजलेले रूप प्रत्यय म्हणून दोन्ही प्रकारांना जोडले आणि ‘आमदम’प्रमाणेच ‘कर्दम’ (मी केले) हे कर्तरी रूप सिद्ध केले. ‘कर्द’ अशा रीतीने क्रियापदाचे अंग बनल्यावर विशेषणासारखे वापरण्यासाठी ‘कर्दा’ (केलेले) हे दीर्घतर धातुसाधित रूढ झाले, आणि पुढे त्यालाही ‘अम’ जोडून ‘कर्दा-अम’ (मी केले आहे) हा पूर्ण काळ तयार झाला.

अर्थांच्या बाबतीत असेच स्थलांतर घडले. ‘नेहमी’ या अर्थाचे ‘हमी’ हे अव्यय कवी फिर्दौसीच्या काळापर्यंत क्रियापदापासून दूरही येऊ शके. त्याचेच ‘मी’ हे रूप पुढे क्रियेचे सातत्य दर्शविणारा उपसर्ग म्हणून पक्के झाले. ‘बि’ हा उपसर्ग अभिजात फारसीत भूतकाळी रूपांनाही लागत असे, आज तो मुख्यतः संभावनार्थ आणि आज्ञार्थ यांची खूण आहे. जुन्या संभावनार्थाचा दीर्घ ‘आ’ केवळ आशीर्वाद किंवा शाप देणाऱ्या रूपांत उरला, आणि ‘जिंदाबाद’, ‘मुर्दाबाद’ यांतील ‘बाद’च्या (असो) द्वारे तो मराठी घोषणांतही पोहोचला.

मराठीत आलेल्या फारसी घटकांतही क्रियापदाची वर्तमानकाळी आणि भूतकाळी अशी दोन अंगे ओळखता येतात. वर्तमानकाळी अंग नामाला जोडले की कर्तृवाचक शब्द होतो, जसे ‘हवालदार’ मधील ‘दार’ (बाळगणारा) किंवा ‘चिटणीस’ मधील ‘नवीस’चे (लिहिणारा) झिजलेले ‘नीस’. तर ‘शहाजादा’ मधील ‘जादा’ (जन्मलेला) हे भूतकाळी अंगावरून बनलेले धातुसाधित आहे. म्हणूनच प्रत्येक क्रियापदाची ही दोन अंगे आधी आत्मसात केली, तर अर्थ, काळ आणि साधित शब्द यांची फारसीतील बहुतेक व्यवस्था थोड्याशा उपसर्ग-प्रत्ययांच्या साहाय्याने उलगडते.